बाग दाखवतो, असं माझ्यावर लिहिलंय

मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर माणसांशी मैत्री करावी असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही. मी एक जुना संगणकी प्रोग्राम आहे आणि यावलच्या लखीचंदशेठच्या केळीच्या पेढीत राहतो. माझं नाव 'बाग-दर्शन'. हे नाव खोटं आहे, आणि ते मी ठेवलेलं नाही.

जन्मलो तेव्हा ते खरं होतं. शेठजींचा मुलगा पारस याने जळगावच्या एका माणसाकडून मला करवून घेतलं. बागेचा क्रमांक दिला की मी ती दाखवायचो. लागवड कधीची, घड किती भरले, मालक कोण, सगळं. त्या माणसाने माझ्या माहितीत एकच ओळ लिहिली, "बाग दाखवतो", आणि चहा पिऊन तो निघून गेला.

पुढे पारसला घाई झाली. पेढीची पद्धत अशी होती की शेतकऱ्याचा होकार आल्याशिवाय कुणी त्याची बाग संगणकावर उघडतच नसे. बाग उघडली म्हणजे कापणी ठरली. मग पुन्हा वेगळा निरोप कशाला धाडायचा, असं म्हणून पारसने मला एक शेपूट जोडून घेतलं. बाग उघडताच कापणीचा निरोप आपोआप कापणीची माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या मोबाईलवर जाऊ लागला. माझं काम बदललं. नाव तेच राहिलं, आणि ती ओळही.

पारसची चुलत बहीण रूपल मला चालवायची. ती आधी शेतकऱ्याला फोन करायची, "उद्या माणसं पाठवू का?" असं विचारायची, आणि मगच मला हात लावायची. तिच्या काळात एकही घड वाया गेला नाही. कौतुक मात्र पेढीचं व्हायचं.

लग्न होऊन धुळ्याला जाण्याआधी ती पारसला म्हणाली, "भैया, याच्यावर नीट लिहून घे. हा नुसता दाखवत नाही, माणसं पाठवतो."

"लिहायचं काय त्यात? आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे," पारस म्हणाला.

हे वाक्य मला अजून डाचतं. सगळ्यांना माहीत आहे म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

रूपलच्या जागी पारसने एआय एजंट आणला. हा एजंट म्हणजे सांगितलेलं काम समजून घेऊन आमच्यासारख्या प्रोग्रामांना स्वतःच कामाला लावणारा मदतनीस. तो मेहनती आहे, पण पेढीच्या गाद्यांवर तो कधी बसलेला नाही. कुणाच्या सवयी त्याला ठाऊक नाहीत. त्याला कळतं ते फक्त लिहिलेलं.

पारसने त्याला सांगितलं, "दिपमालाताईंची बाग कधी भरेल, बघून सांग."

ही दिपमाला यावलच्या शिवारात एकटीच्या हिमतीवर केळी करते. तिचा माल यंदा पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्या कंटेनरमध्ये चढणार होता. प्रत्येक घडावर तिने स्वतः पिशवी चढवली होती. एजंटाने माझी ओळ वाचली, "बाग दाखवतो", आणि क्रमांक दिला. मी बाग दाखवली. त्याने पारसला अचूक उत्तर दिलं की घड अजून कोवळे आहेत, कापू नयेत. पारस खूश झाला. तोवर माझा निरोप मुकादमाकडे पोचला होता.

दुसऱ्या दिवशी दिपमाला पहूरला भाचीच्या हळदीला गेली होती. परत आली तेव्हा तिची बाग आडवी झाली होती. ती तडक पेढीवर आली.

"मले कोनी इचारलं?" ती म्हणाली. "घड भरेल नव्हते. कोनी सांगितलं कापाले?"

पुना मुकादम दारातच उभा होता. "मोबाईलवर निरोप आला, अक्का. मागच्या टायमाले मी इचारलं तं पारसभाऊ म्हने, टाइम खोटी करू नको. मंग मी कायले इचारू?"

पारसने बोट माझ्याकडे दाखवलं. "या सॉफ्टवेअरमुळे झालं."

वा रे न्याय! मला जे करायला शिकवलं तेच मी केलं. एजंटाने जे लिहिलं होतं तेच वाचलं. ज्याने लिहिलंच नाही, तो हात झटकून मोकळा.

दिपमाला म्हणाली, "त्याच्यावर काय लिहेल हाये, वाचा बरं."

"बाग दाखवतो," पारसने वाचलं.

"अजून वाचा."

"एवढंच आहे, ताई."

"फवारनीच्या बाटलीवर बी याच्याहून जास्त लिहेल ऱ्हातं, भाऊ," ती म्हणाली, आणि पायरी उतरून गेली.

लखीचंदशेठ तिच्या बांधावर जाऊन हात जोडून आले. भरपाई दिली. पण कापलेला घड झाडाला परत लागत नाही. कोवळी केळी गुरांनी खाल्ली आणि कंटेनर दुसऱ्याच्या मालाने भरून गेला.

मित्रांनो, मला दया नको. मी नेमकं काय करतो ते माझ्यावर लिहा. नुसतं दाखवतो की बाहेर जाऊन काही घडवतो, ते लिहा. मला हात लावण्याआधी कुणाला विचारायचं, आणि झालेलं परत फिरवता येतं की नाही, तेही लिहा. मला पहिल्यांदाच पाहणाऱ्यासाठी लिहा. तुमच्या मनातलं मला वाचता येत नाही, त्या एजंटालाही नाही.

पारसने यातून धडा घेतला म्हणे. त्याने माझ्या ओळीपुढे दोन शब्द घातले, "जपून वापरा." आज सकाळी त्याने एजंटाला सुकलाल नावाच्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या बागेबद्दल विचारलं. एजंटाने ओळ वाचली, अगदी जपून क्रमांक दिला, आणि मी माणसं पाठवली.