चार नंबरचं तेल

दुसरा गिअर टाकताना गाडी पुन्हा करवादली. जावईबापूंनी दचकून क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन फाटकातच बंद पडली.

"आई, शपथ, क्लच पूर्ण दाबला होता मी."

"तुमचा पाय नाही चुकला," शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या. "ह्यांच्या हातात मात्र कधी ओरडली नाही ती."

ही तक्रार नव्हती. नवरा गेल्यापासून बाई सगळंच असं बोलत, बाहेर ऊन पडलंय म्हणावं तसं. भेटायला येणाऱ्या बायका जिन्यात कुजबुजत, "रडत नाही हो अजून. धसका घेतलाय." धसका वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं, एवढंच. वाढलं की जेवत होत्या, अंथरूण घातलं की झोपत होत्या. परवा लेकीने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं, "आई, भाजीत मीठच नाही," तेव्हा बाईंच्या ताटातली भाजी संपत आली होती.

एरवी या बाईंच्या जिभेचा आणि नाकाचा केवढा दरारा! त्यांची उभी हयात इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेली. चादर कुठल्या वॉर्डातून आली, हे गाठोडं सोडायच्या आधीच त्या वासावरून सांगत. हाताखालच्या पोरी पाठीमागे त्यांना 'नाकवाल्या बाई' म्हणत आणि समोर चळचळा कापत. नवरा तिथलाच, बॉयलरवरचा. धुलाईखान्यातली वाफेची एक नळी सारखी फुटायची आणि दुरुस्तीला सारखा तोच यायचा. नळी पुढे टिकाऊ झाली ती लग्न ठरल्यावर.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या आणि त्यांनी त्याचा कपडा न् कपडा धुवायला काढला. इस्पितळाची रीतच ती, माणूस गेला की पलंगावरचं सगळं आधी धुलाईला. हात कामाला लागले, डोकं कुठे होतं कोण जाणे. दारामागच्या खिळ्यावरचा रविवारचा शर्टसुद्धा त्यांनी सोडला नाही. दर रविवारी तो शर्ट घालून नवरा गाडीखाली आडवा व्हायचा. त्याचे तेलाचे डाग त्यांनी चोळचोळून काढले, आणि शर्ट दोरीवर टाकताना त्यांच्या लक्षात आलं की आता ह्यांच्या वासाची एक चिंधीही घरात उरली नाही. तेव्हासुद्धा रडू आलं नाही. त्यांनी चिमटे लावले आणि आत आल्या.

राहिली गाडी. लेकीपेक्षा वयाने मोठी, गोल दिव्यांची, नवऱ्याने भंगारातून उचलून उभी केलेली. बाईंना चालवता येत नव्हती आणि लेकीच्या इमारतीत जागा नव्हती. "विकायची का?" लेकीने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "विका." घेणारा ओळखीतलाच होता, दातांचा डॉक्टर. मागच्या वर्षी नवऱ्याने त्याला हौसेने एक चक्कर मारायला दिली होती आणि वर शेखी मिरवली होती, "दोन बोटांनी गिअर पडतो, बघा. हाताला कळतसुद्धा नाही." तो डॉक्टर उद्या सकाळी येणार होता. आणि गाडी अशी दात खात होती.

बाईंना बाकी कशाचं काही वाटत नव्हतं, पण याचं वाटलं. माणूस गेला, आता त्याचा शब्दही खोटा पडणार?

"परवा तेल बदललंत, तेव्हा गिअरबॉक्सात कुठलं घातलंत?" त्यांनी विचारलं.

"बेस्ट घातलं, आई! दुकानदाराने चार नंबर दाखवलं आणि पाच नंबर दाखवलं. म्हटलं, पाचच द्या. बाबांच्या गाडीत हात कशाला आखडायचा?" म्हणता म्हणता जावईबापूंचा चेहरा उतरला. "का? त्याने झालं असेल?"

बाई आठवू लागल्या. रविवारी त्या पायरीवर बसून भाजी निवडत आणि गाडीखालून नवऱ्याची बडबड चाले. अर्धी ऐकलेली, अर्धी सोडून दिलेली. 'आत पितळेची रिंग असते. ती जरा घासली, तर पुढच्या गिअरची गती जुळते आणि तो गुपचूप बसतो. फार बुळबुळीत तेल घातलं, की ती नुसतीच घसरते. आणि जास्त मसाल्याचं, गंधकाचं तेल पितळेला कालांतराने खातं, ते वेगळंच.' बाई म्हणत, 'घासल्याशिवाय जुळत नाही, हे मला सांगता होय?' नंबर मात्र त्यांनी कधी विचारला नव्हता. तेव्हा कुणाला गरज होती?

दोघं तेलाच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसाने गाडीचं नाव ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"जुन्याला चार म्हणतात खरं. पण पाचच्या डब्यावर छापलंय, चारच्या जागी चालेल. कितीतरी लोक घालतात. तुम्हीच ठरवा."

"दोन्ही उघडून द्या," बाई म्हणाल्या.

"बघून काय कळणार, मावशी? दोन्ही पिवळीच."

"बघायचं नाहीये मला."

डबे समोर आले आणि बाईंना भीती वाटली. कित्येक दिवसांत काही वाटलं ते हेच. मीठ कळत नाही, दूध उतू जाऊन करपलेलं कळत नाही, तर हे कसं कळणार? नाक मेलं असेल तर ह्यांचा शब्द आपणच बुडवणार.

त्यांनी पाच नंबर नाकाशी नेला. आधी काहीच नाही. मग हळूहळू उग्र, जळक्या काडीचा आणि नासक्या अंड्याचा दर्प नाकात चढला. हा वास त्यांनी कधी धुतला नव्हता. मग चार नंबर. हाही तसाच, पण मवाळ, दबलेला. मनगटाला लागून, घामात मिसळून, शर्टाच्या बाहीत मुरलेला. पायरी, भाजी निवडायचं सूप, गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. बाईंनी काउंटरची कड धरली.

"मावशी, बसता का? पाणी आणू?"

"नको. हेच द्या. चार."

घरी येऊन जावईबापूंनी गरम गाडीखालीच अंग टाकलं आणि आधीचं तेल खाली सोडलं. नवं भरताना बाई उकिडव्या बसून सांगत होत्या, "कडेच्या भोकातून गळायला लागलं की थांबायचं. ह्यांचं तसंच असायचं."

मग दोघांनी गल्लीतून एक लांब चक्कर मारली. सुरुवातीला दुसरा गिअर थोडा कुरकुरला. परतीच्या वाटेवर जावईबापूंनी दांडा नुसता ढकलला आणि तो आवाज न करता बसला. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"आई, मी बाबांची गाडी घालवली होती."

"चांगलं व्हावं म्हणूनच घातलंत ना? नव्या पोरी धुलाईला आल्या की दुप्पट सोडा टाकायच्या. मायेनेच टाकायच्या. चादर विरायची." बाईंनी समोर पाहत म्हटलं. "चला. तुमची बायको जेवायची थांबली असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आला. त्याने गाडी फाटकाबाहेर काढली, वळणापर्यंत नेली, परत आणली आणि काच खाली केली.

"काकू, अगदी तश्शीच आहे हो! दोन बोटांनी पडतो गिअर."

"ह्यांनी सांगितलंच होतं," बाई म्हणाल्या.

गाडी गेली. कोपऱ्यावर तिसरा गिअर पडला असावा, कारण इंजिनाचा सूर खाली आला. दुसरं काही ऐकू आलं नाही. लेक आईच्या दंडाला धरून उभी होती. तिला वाटलं, आता तरी रडेल. बाईंनी हात सोडवून घेतला आणि घरात गेल्या.

लेक मागोमाग आली तेव्हा बाईंनी कपाटातला रविवारचा शर्ट जमिनीवर पसरला होता. पांढरा स्वच्छ, त्यांच्याच हाताच्या घडीचा. डब्याच्या तळाला उरलेलं तेल त्या उजव्या बाहीवर, मनगटाच्या वर, थेंब थेंब सोडत होत्या.

"आई! अगं काय करतेस? तो डाग आता निघायचा नाही!"

"वाळू दिला की नाही निघत," बाई म्हणाल्या.

त्यांनी शर्ट झटकून दारामागच्या खिळ्याला अडकवला. बाही खाली लोंबत होती. बाईंनी ती हातात धरली, नाकाशी नेली, आणि तिथेच दाराशी उभ्या राहिल्या.