चक्क्याचा पंचा

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. समुद्रकाठच्या भाट्ये गावातल्या आत्मारामकाकांनी मला अंग पुसायला आणलं होतं. पण माझा मऊपणा बघून दमयंतीकाकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि माझ्यात दही बांधून मला खुंटीला टांगलं.

टांगून राहण्यात फार सुख असतं. खिडकीतून सुरूच्या बनातला वारा येई. खाली पातेल्यात दह्याचं पाणी टपटप गळे, आणि अर्धवट झोपेत मला वाटे, समोरचा समुद्रच माझ्यातून झिरपतो आहे. श्रीखंडाची सगळे तारीफ करत. मी ओलाचिंब असूनही फुगून जाई. काकूंच्या वाट्याला मात्र मला चिकटलेलं तेवढंच येई.

पुढे काकूंची साखर वाढू लागली. डॉक्टरांनी वजन उतरवायला बजावलं. काकूंनी सगळा दोष दुधादह्यावर ढकलला आणि मी पोतेऱ्यांच्या गठ्ठ्यात जाऊन पडलो. दुपारी भूक लागली की त्या गोड चहात खारी बुडवून खात. वजन ढिम्म हलेना. चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागे, आणि मला फार वाईट वाटे.

मे महिन्यात त्यांची लेक मनस्वी घरी आली. ती आहारशास्त्र शिकते.

"दह्यानंच वाढलं गो माझं वजन," काकू म्हणाल्या.

"तू दही खाल्लंस कधी, आई? आम्हाला वाढलंस नि पंचा खरवडलास."



मनस्वीने समजावलं, "दुधातली काही प्रथिनं पाण्याबरोबर गळतात, ती लवकर पचतात. बरीचशी चक्क्यात राहतात, ती सावकाश पचतात. पोट भरलेलं राहतं, मग खारी आठवत नाही. ही काही जादू नाही हो, चालायला हवंच. नि साखर नको."

मला उकळून, उन्हात वाळवून पुन्हा खुंटीवर चढवलं. दुसऱ्या दिवशी काकडी-मीठ घातलेल्या चक्क्याची वाटी काकूंनी सवयीने काकांपुढे ठेवली. काकांनी ती उचलली आणि काकूंच्या पानाशी सरकवली.

"आधी तू घे," ते म्हणाले.

काकूंचे डोळे भरून आले. पण त्यांनी वाटी संपवली, आणि त्या दुपारी खारीचा डबा उघडला गेला नाही.

मित्रांनो, मला रोज धुऊन उन्हात वाळवा, म्हणजे मला वास येणार नाही. आणि चक्का वाढताना एवढं बघा, की तो बांधणारीच्या पानातही पडला आहे ना.