नागूबाई मोडनिंबला निघाली

“आई, किती येळा पिशवी उघडतीस? सगळं हाय की त्यात!” धम्मप्रिया हसत म्हणाली.

नागूबाईंनी तरी पुन्हा चाचपून बघितलं. जादा लुगडं, जादा परकर, रत्नदीपसाठी घेतलेला शर्ट. रत्नदीप बहिणीचा पोरगा, त्याचंच लग्न होतं आणि त्यानं फोनवर बजावलं होतं, “मावशी, तू आल्याबिगर मी मांडवात बसायचो न्हाय!” रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. शुक्रवार पेठेतल्या गल्लीतून स्टँडकडं त्या एखाद्या पोरीसारख्या भराभर चालत होत्या.

नागूबाईंचा जन्म टॉवेलला काठ शिवण्यात गेला. मशीनवरून सारखं उठलेलं मुकादमाला खपत नसे, म्हणून लघवी दाबून धरायची सवय लागली. उतारवयात मग दाबून धरू म्हटलं तरी धरवेना. एका बारशात भर बायकांत लुगडं भिजलं आणि त्या मागच्या दारानं घरी आल्या. त्या दिवसापासून कुठं जाणं नाही. गुडघे दुखतात, असं सगळ्यांना सांगायच्या.

शेवटी लेकीनंच हट्टानं दवाखान्यात नेलं. औषध झालं, व्यायाम झाले, मनगटावर थरथरणारं घड्याळ आलं. ते थरथरलं की उठायचं. हळूहळू मधला वेळ वाढत गेला आणि नागूबाई घड्याळाच्या इतक्या कह्यात गेल्या, की पोट तटतटलं तरी ते थरथरायची वाट बघत बसायच्या.

व्यायाम शिकवणाऱ्या शिवानी मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, “मावशी, घड्याळ आठवण करतं, हुकूम सोडत नाही. अचानक कळ आली तर पळू नका. थांबा, खालचे स्नायू आवळा, सोडा, श्वास घ्या. आणि मग पोटालाच विचारा, खरंच भरलंय का?”

“पोटाला काय इचारायचं बया!” असं म्हणून नागूबाई लाजल्या होत्या.

एसटी मोहोळला थांबली. खाली एक माणूस बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरत होता. ती धार दिसली मात्र, नागूबाईंच्या ओटीपोटात कळ उठली. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

“कंडक्टरला सांगू का?” धम्मप्रिया अर्धवट उठली.

“थांब. बस खाली.”

त्यांनी घड्याळ बघितलं. स्टँडवर लघवीला जाऊन आल्याला फार वेळ झाला नव्हता. टाचा पत्र्यावर रोवल्या, आवळलं, सोडलं, पुन्हा आवळलं. गाडी सुटली. कळ डोक्यापर्यंत चढली, जराशी रेंगाळली आणि ओसरत गेली.

“गेली!” नागूबाई ओरडल्याच. “धम्मे, गेली!”

पुढच्या सीटवरचा पटकेवाला दचकून वळला. “कोण ऱ्हायलं खाली? गाडी थांबवू का?”

“न्हाय वो दादा, जाऊ द्या. लई बरं झालं गेली ती!” मायलेकी तोंडाला पदर आणि ओढणी लावून खदखदून हसल्या. शेटफळ मागं पडलं तरी हसू थांबेना.

मोडनिंबात मांडवाच्या तोंडाशीच धाकट्या बहिणीनं, सोनाबाईनं मिठी मारली. “आक्का! आलीस व्हय गं खरंच?” मग सरबत झालं, गप्पा झाल्या, नवरदेवानं येऊन पायाला हात लावला. बुद्धवंदनेची वेळ जवळ आली. नागूबाईंना पोट जड वाटलं. आता कळबिळ काही नव्हती, सावकाश भरत आलेलं जडपण होतं. घड्याळ गप्पच होतं. त्यांनी त्याची वाट बघितली नाही.

“सोना, मोरी कुटं हाय गं? मला लघवीला जायचंय.”

चारचौघींत, मोकळ्या आवाजात. कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. सोनाबाईनं नुसतं बोट दाखवलं. नागूबाई रमतगमत गेल्या. परत येताना मनगट थरथरलं.

“लई उशीर केलास की रं,” त्या घड्याळाला म्हणाल्या.

मांडवात बायकांच्या ऐन मध्ये बहिणीनं त्यांना जागा धरली होती. बुद्धं सरणं गच्छामि सुरू झालं. नागूबाईंचा आवाज सगळ्यांत खणखणीत लागला. सोनाबाईला मात्र पुढचं म्हणवेना. पोराकडं बघत तिनं बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिचा पदर मागं घसरला.

आतले केस पांढरेशुभ्र होते. नागूबाईंनी शेवटचे बघितले तेव्हा ते काळेभोर होते.

त्यांनी वंदना म्हणता म्हणता त्या केसांवरून हात फिरवला आणि पदर सारखा करून दिला.