अर्ध्या पगारावर पूर्ण सही

दिल्लीच्या द्वारका भागातल्या नव्या सोसायट्यांत तेव्हा नळाला पाणी यायचे नाही, टँकरची वाट पाहावी लागायची. पण इंग्रजी शाळा मात्र झपाट्याने उभ्या राहिल्या होत्या. पाचवा वेतन आयोग नुकताच लागू झाला होता. पलीकडे गुडगावात काचेच्या इमारती चढत होत्या आणि पुण्या-मुंबईची तरुण मराठी जोडपी हप्त्यावर फ्लॅट घेऊन इथे संसार थाटत होती. विक्रांत आणि सुनेत्रा त्यांपैकीच.

दोघे पुण्यात एकाच वर्गात बी.एस्सी. झालेले. तेव्हा सुनेत्रा वर्गात पहिली यायची आणि विक्रांत परीक्षेच्या आधी तिच्या वह्या मागायचा. पुढे त्याने कॉम्प्युटरचा कोर्स केला, तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. आणि मग बी.एड. आता तो गुडगावच्या एका कंपनीत मॅनेजर होता आणि ती घराजवळच्या खाजगी शाळेत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवत होती. मुलगी संपदा त्याच शाळेत चौथीत होती.

एका शनिवारी विक्रांतने ऑफिसातल्या मंडळींना जेवायला बोलावले. त्यांत सुयश नावाचा मुलगा होता. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, ओठांवर मिशी धड फुटलेली नाही. "वहिनी, तुम्ही काय करता?" त्याने विचारले.

"टीचर आहे ती," विक्रांतनेच उत्तर दिले. "म्हणजे तिचा वेळ बरा जातो. तिच्या पगारात माझ्या गाडीचं पेट्रोलही निघत नाही, पण आवड आहे ना यार!"

सगळे हसले. सुनेत्राही हसली आणि पुऱ्या तळायला आत गेली. बोलता बोलता सुयशने सहज आपल्या पहिल्या पगाराचा आकडा सांगितला होता. तो तिच्या पगाराच्या तिप्पट होता. तिला वाईट वाटले का? खरे सांगायचे तर तेव्हा नाही वाटले. विद्यादान पैशासाठी करायचे नसते, अशी तिची समजूत होती आणि त्या समजुतीचा तिला थोडा अभिमानही होता.

सोमवारी शाळेत पगार होता. या शाळेची रीत ठरलेली होती. ऑफिसात जायचे, सरकारी शाळेइतका पूर्ण पगार मिळाला म्हणून पावतीच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही करायची, आणि त्याच्या निम्म्या नोटांचे पाकीट घेऊन निघायचे. दिल्लीत खाजगी शाळेनेही सरकारी शाळेइतकाच पगार द्यावा असा कायदा आहे. कागदावर कायदा पाळला जात होता. पाकिटात मात्र तो कुठेच नव्हता!

सुनेत्राने नेहमीप्रमाणे आकड्याकडे न बघता सही केली. तिच्या मागे अरुणाताई उभ्या होत्या. अरुणाताई गणित शिकवायच्या. जन्म दिल्लीतला, घर शहरातल्या हिंदूराव इस्पितळाजवळच्या जुन्या वस्तीत. दोन बस बदलून रोज द्वारकेला यायच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालले होते.

अरुणाताईंनी पेन हातात घेतले आणि परत टेबलावर ठेवले. "मी सही करणार नाही. जेवढे देता तेवढ्यावर सही घ्या, नाहीतर जेवढ्यावर सही घेता तेवढे द्या."

शाळेच्या व्यवस्थापक अलका मॅडम समोरच बसल्या होत्या. त्या चिडल्या नाहीत. गोड हसून त्यांनी सुनेत्राकडे बोट दाखवले. "अरुणाजी, इनसे सीखिए. यांचे मिस्टर एवढ्या मोठ्या पोस्टवर आहेत, स्वतः फर्स्ट क्लास एम.एस्सी. आहेत. कधी एका शब्दाने तक्रार केली? याला म्हणतात टीचर! तुम्हाला परवडत नसेल, तर उद्यापासून येऊ नका."

सगळ्यांनी सुनेत्राकडे पाहिले. आता ती काहीतरी बोलेल, असे अरुणाताईंना क्षणभर वाटले असावे. सुनेत्रा पाकीट मुठीत धरून तशीच उभी राहिली. अरुणाताई पर्स उचलून निघून गेल्या.

शेवटचा तास कसाबसा उरकून सुनेत्रा बसस्टॉपकडे धावली. अरुणाताई अजून तिथेच होत्या. दुपारची बस चुकली होती.

"ताई, मला खूप वाईट वाटलं. ती बाई किती नीचपणे बोलली!"

"त्या बाईचं सोड," अरुणाताई म्हणाल्या. "ती धंदा करते. मला राग तुझा आलाय."

"माझा? मी काय केलं?"

"सही केलीस! दर महिन्याला करतेस. तुला पैसे नको असतील तर घे आणि यमुनेत नेऊन टाक. पण घे तरी पूर्ण! तुम्ही दहा जणी म्हणता, आम्हाला काय, आम्ही आवड म्हणून करतो. मग तुमच्या आवडीचा जो भाव, तोच आमच्या पोटाचा भाव ठरतो. शाळा कापते तो तुझा अर्धा पगार तुझा नवरा भरतो, सुनेत्रा. त्याला ठाऊक तरी आहे का? माझा अर्धा कोणी भरायचा?"

सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी आले. "ताई, मी कधी असा विचारच केला नाही. मला वाटायचं, शिकवणं हे पैशाच्या पलीकडचं..."

"मग डॉक्टर पैशाच्या पलीकडचा नसतो? त्याला फी देताना आपण सेवा म्हणून अर्धी कापतो का? माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कंपन्यांत बसलीत. त्यांना गणित येतं म्हणून लठ्ठ पगार, आणि ते गणित ज्या बाईने शिकवलं तिला नमस्कार! पाच सप्टेंबरला एक गुलाब! गुलाब शिजवून खाता येत नाही गं."

बस आली. अरुणाताई चढल्या. मागे वळून त्यांनी पाहिलेही नाही.

त्या संध्याकाळी सुनेत्राने विक्रांतला सगळे सांगितले. तो बूट काढता काढता म्हणाला, "मग सोड ना नोकरी. एवढं काय? आपलं काही अडलंय का?"

"हेच! हेच ऐकून ऐकून त्या अलका मॅडम एवढ्या माजल्या आहेत!"

"अगं, मार्केट असतं ते. एका टीचरच्या जागेला पन्नास जणी रांगेत उभ्या आहेत. त्याला तू काय करणार?"

"आणि त्या रांगेत माझ्यासारख्या किती, ज्यांना पगार मिळाला काय, न मिळाला काय, सारखंच? भाव आम्हीच पाडलाय, विक्रांत! गेल्या वर्षी तुझ्या ऑफिसातल्या त्या विनयला तुझ्यापेक्षा जरा जास्त इन्क्रिमेंट मिळालं, तर आठवडाभर तू नीट जेवला नव्हतास. तेव्हा नाही म्हणालास, की मी आवड म्हणून प्रोग्रॅम लिहितो!"

विक्रांतने बूट उचलून कपाटात ठेवले. रागावला होता की ओशाळला होता, तिला कळले नाही. तिने विचारलेही नाही.

पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पालकसभा होती. फी एकदम वाढवल्यामुळे पालक खवळले होते. विक्रांतही त्यांच्यात होता. शिक्षकांना भिंतीलगत एका रांगेत बसवले होते.

अलका मॅडमनी माईक हातात घेतला. "आम्ही तरी काय करणार? सरकारने शिक्षकांचे पगार वाढवले. हे जे आपले टीचर्स बसलेत ना, वाढलेली सगळी फी यांच्याच खिशात जाते."

हॉलमधल्या साऱ्या नजरा भिंतीकडे वळल्या. मागून एक गृहस्थ ओरडला, "अर्धा दिवस काम, दोन महिने सुट्टी, वर पगारवाढ! आम्हाला नाही असं घरबसल्या मिळत!" टाळ्या पडल्या. सवयीने विक्रांतचेही हात उचलले गेले, आणि तसेच थांबले. भिंतीलगत सुनेत्रा उठून उभी राहिली होती.

तिचा आवाज खणखणीत लागला.

"ज्या पगारासाठी तुमची फी वाढली, तो पगार आम्हाला मिळतच नाही! आम्ही पुऱ्या पगारावर सही करतो आणि निम्मा घरी नेतो. ज्यांनी सही करायला नकार दिला, त्या अरुणा मॅडमना गेल्या सोमवारी हाकलून दिलं. तुमच्या मुलांना बारावीचं गणित आता कोण शिकवणार, ते आधी विचारा!"

"बैठ जाइए!" अलका मॅडम किंचाळल्या. "झूठ है!"

"खोटं असेल तर इथल्या कुणीही उठून सांगावं," सुनेत्रा म्हणाली.

हिंदीच्या बाई उठल्या, "सच है" एवढेच म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांच्या पाठोपाठ खेळाचे सर उठले. बघता बघता भिंतीलगतची अख्खी रांग उभी होती.

तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या एका आईने विचारले, "तुम्ही तर शिकलेल्या आहात. मग इतकी वर्षं खोटी सही का केलीत?"

हा प्रश्न सुनेत्राला सर्वांत जास्त लागला. "कारण मला गरज नव्हती," ती म्हणाली. "आणि गरज नाही म्हणून न मागणं हा मला मोठेपणा वाटायचा. तो मोठेपणा नव्हता. माझ्या गप्प बसण्याचा दाखला देऊन इथे एका बाईची भाकरी काढून घेतली. यापुढे मी पूर्ण पगाराशिवाय सही करणार नाही!"

विक्रांत खुर्ची सरकवून उठला. "मॅडम," त्याने अलका मॅडमना विचारले, "पगार यांना जात नाही. मग आमची फी जाते कुठे?"

त्यानंतर हॉलमध्ये जो गदारोळ झाला, तो आवरायला कुणाच्याच हातात नव्हता. पालक आणि शिक्षक पहिल्यांदाच एका बाजूला आले होते. शिक्षण खात्याकडे तक्रार गेली. शाळेने धमक्या दिल्या, शिक्षकांचे वर्ग बदलले, संपदाला मुद्दाम मागच्या बाकावर बसवले. पण सही कुणी केली नाही! अखेर नव्या सत्रापासून पूर्ण पगार सगळ्यांच्या बँकेत जमा होऊ लागला. पेट्रोलच्या विनोदाबद्दल विक्रांतने माफी मागितली. "माझ्याकडे नको," सुनेत्रा म्हणाली, "ज्यांच्यासमोर केलास, त्यांच्यासमोर माग." आणि त्याने ती पुढच्याच जेवणात, सुयशच्या देखत, मागितली.

अरुणाताई मात्र परतल्या नाहीत. शाळेने त्यांना बोलावले, पालक घरी जाऊन आले. पण एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटने त्यांना शाळेच्या पुऱ्या पगाराहूनही जास्त पैशांवर घेतले होते. "मुलाचं इंजिनिअरिंग व्हायचंय गं," त्या सुनेत्राला म्हणाल्या. "आणि खरं सांगू? तिथे मला कुणी सेवा करायला सांगत नाही." त्या वर्षी बारावीच्या वर्गाला अर्धे वर्ष गणिताचे शिक्षकच नव्हते. ज्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांचीच मुले त्या वर्गात होती.

वाचकहो, आपण ज्या पदवीला मान देतो, त्याच पदवीचा माणूस खडू हातात घेतो तेव्हा त्याची किंमत अर्धी कशी होते? शिक्षकाला पुरा पगार देणे हा उपकार नव्हे, ती त्याच्या कामाची मजुरी आहे. आणि ज्यांना त्या पगाराची गरज नाही, त्यांनी तर तो अधिक हट्टाने मागायला हवा. आपल्या मोठेपणाची किंमत आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला चुकवायला लावण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?