कोलशेतच्या खाडीतला गादा

अठराशे ब्याण्णवच्या थंडीतली गोष्ट. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत व्हेरोनिकाबाई धडा शिकवत होत्या. पुस्तकातल्या डॉल्फिनच्या चित्रावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हा म्हणजे आपल्या खाडीतला गादाच की गं!"

वऱ्हांड्यातून चाललेले शाळेचे फादर थबकले. "बाई, हा समुद्रातला प्राणी. खाडीत कुठून येणार? ऐकीव गप्पा मुलींना शिकवू नका."

बाईंना ते फार लागलं. लहानपणापासून त्यांनी गादे डोळ्यांनी पाहिले होते.

घरी डॉमनिकचा कॅमेरा होता. त्यांचा हा नवरा लग्नाच्या जोड्यांचे फोटो काढायचा. दोन वर्षांपूर्वी तो तापाने गेला. फोटो ज्यांवर उमटत त्या काचा धुवायचं काम बाईंचंच असे, त्यामुळे लाल कंदिलाच्या अंधाऱ्या खोलीतलं सगळं त्यांना येत होतं. फोटो मात्र त्यांनी स्वतः एकही काढला नव्हता.

"नवरानवरीला हलू नका म्हणून सांगता येतं," जाऊ मर्सी हसली. "गाद्याला कोण सांगणार?"

"बघू," बाई म्हणाल्या.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून त्या कोलशेतला गेल्या. तिथे मिठागरात काम करणाऱ्या गोविंदाची होडी होती. गादे दिसले, बाईंनी चार काचा वापरल्या. घरी धुतल्यावर चारींवर नुसते राखाडी फराटे. होडी हलली होती, गादाही हलला होता.

पुढच्या रविवारी त्यांनी कॅमेऱ्याची तिकाटी किनाऱ्यावर रोवली. बघता बघता तिचे पाय चिखलात गेले, पाठोपाठ बाईही गुडघ्यापर्यंत रुतल्या. गोविंदाने त्यांना ओढून काढलं.

"बाय, आता पुरं कर. नाय जमायचं."

"गोविंदा, ते जाळी बांधायचे खांब पाण्यात हलतात का रे?"

"ते कशाला हलतील? माझ्या बापानं ठोकलेत."

"मग पुढच्या रविवारी दोन खांबांना फळी बांध. मी फळीवर बसेन."

गोविंदाने कपाळाला हात लावला, पण फळी बांधली. बाईंनी कॅमेरा दोरीने खांबाला आवळला आणि समोरच्या एका खांबावर नजर धरून भिंग जुळवून ठेवलं. खाली पाणी चढत होतं. भरतीबरोबर बोय मासे आत शिरले आणि त्यांच्यामागे गादे आले.

पहिल्या तीन काचा वाया गेल्या. पाठ दिसली की बाई भिंगावरच्या पडदीला हात घालायच्या, तोवर पाणी सपाट. मग त्यांनी बघणं सोडून कान लावला. गादा वर येई तेव्हा फुस्स करून श्वास टाकी. एक, थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा, आणि मोठी बुडी. दोन श्वासांमधलं अंतर जवळपास सारखं होतं. बाई मनात आकडे मोजू लागल्या. पाण्याने चपला भिजल्या, लुगड्याचा काठ भिजला.

"बाय, पानी वर येतंय! चल आता!" गोविंदा होडीतून ओरडला.

"एकच काच राहिलीय. थांब."

समोरच्या खांबापाशी फुस्स झालं. बाईंनी मोजलं. पुन्हा फुस्स. पुन्हा मोजलं, आणि पाणी फुगण्याआधीच त्यांनी भिंगावरची पडदी सोडली.

घरी खोलीचं दार लावून त्यांनी काच धुतली. आधी खांब उमटला. मग त्याच्या बाजूला कुबडासारखी पाठ, तिच्यावरचा पर, आणि पाठीला लागून एक लहानसं तोंड, पिल्लाचं. बाईंनी दार उघडून काच आधी मर्सीच्या हातात दिली.

सोमवारी फादरांनी काचेवरून कागदावर उतरवलेला फोटो उजेडात नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हे कोलशेतचेच खांब?"

"हो, फादर."

"मी चुकलो, बाई. हा वर्गात लावा." मग ते जरा रेंगाळले. "शेपटी दिसली असती तर मुलींना अजून कळलं असतं."

"शेपटी बुडी मारताना वर येते," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या श्वासाला. मला शनिवारची अर्धी सुट्टी द्या, आणते."

फादरांनी सुट्टी दिली.