ओदाकेनीवरचा तेलकट डाग

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा. सध्या माझा मुक्काम कॅम्पच्या स्वयंपाकघरामागे, सरपणाच्या ढिगाला टेकून, भिंतीकडे तोंड करून आहे. एके काळी माझ्यापुढे रोज गर्दी व्हायची, हे इथल्या माकडांनासुद्धा आता खरं वाटणार नाही. वाळवी पायापर्यंत आली आहे. ती डोक्यापर्यंत यायच्या आत मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

माझा जन्म झुलूंच्या मुलखात, नदीवरच्या मोडक्या पुलाच्या फळ्यांतून झाला. कॅम्पच्या सुताराने त्या तासल्या, जोडल्या आणि माझ्यावर अख्ख्या अभयारण्याचा नकाशा रंगवला. मग वाटावाटांवर बारीक भोकं पाडली. फार दुखलं हो! पण टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

आमच्याकडे पाहुणे स्वतःची गाडी स्वतःच चालवत रानात फिरतात. सोबत वाटाड्या नाही. गाडीतून उतरायचं नाही आणि संध्याकाळी सहाला फाटक बंद व्हायच्या आत परतायचं, एवढंच बंधन. मग जनावरं कुठे आहेत हे सांगायचं कुणी? मी! सिंह दिसला की पाहुण्यांनी त्या जागी पिवळी खुंटी खोचायची, हत्तीला करडी, गेंड्याला पांढरी. दुसऱ्या दिवशीचे पाहुणे गाडीत बसायच्या आधी माझं दर्शन घ्यायचे. "फळा आहे म्हणून, नाहीतर आम्ही नुसतं पेट्रोल जाळलं असतं," असं लोक म्हणायचे, आणि मी भिंतीवरच्या भिंतीवर फुगायचो.

माझी देखभाल दुदूझिलेमावशीकडे होती. कॅम्पचं छोटं दुकान तीच चालवायची. रोज सकाळी ती कालच्या खुंट्या काढायची, मला ओल्या फडक्याने पुसायची आणि मग माझ्याच सावलीत बसून पुतू, म्हणजे मक्याच्या पिठाचा मोकळा सांजा, आंबट दुधात कालवून खायची. जिभेची भारी तिखट. एकदा एका साहेबाने सिंहाची खुंटी थेट नदीच्या मध्यावर खोचली.

"काय हो, सिंह मासे धरायला उतरला होता वाटतं?" मावशीने विचारलं. साहेबाने मुकाट्याने खुंटी काठावर आणली.

मग वाईट दिवस आले. शिंगासाठी गेंडे मारले जाऊ लागले. एका सकाळी वनरक्षक जाबूलानी म्थेथ्वा आला आणि त्याने माझ्यावरच्या सगळ्या पांढऱ्या खुंट्या उपटून डब्यात भरल्या.

"दुदू, मारेकरी आता पाहुणे बनून येतात. आजपासून पांढरी खुंटी बंद. आणि कुणी विचारलं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही."

"माझं तोंड सोड. तुझी ती लाडकी कशी आहे ते सांग."

लाडकी म्हणजे ओदाकेनीच्या पाणवठ्यावरची कानफाटकी गेंडीण. त्या कोपऱ्यातले बाकीचे गेंडे केव्हाच संपले होते. जाबूलानी अकरा वर्षं तिच्यावर नजर ठेवून होता. तिला तो 'न्यांबोसे' म्हणायचा. ते त्याच्या स्वतःच्या कुळाचं मानाचं नाव. आपल्या माणसाला हाक मारतात तशी तो रानातल्या जनावराला मारायचा.

"बायकोला कधी एवढ्या लाडाने बोलावलंस का रे?" मावशी म्हणाली.

"बायको ऐकते कुठे? ही निदान कान तरी हलवते."

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या गेंडिणीला पिल्लू झालं. तेव्हा जाबूलानीने कॅम्पभर साखर वाटली.

आता चूक सांगतो. ती पिल्लाच्या पुष्कळ आधीची. एक म्हातारं जोडपं चार दिवस रान पालथं घालून हात हलवत परतलं. म्हातारीचे डोळे अधू होत चालले होते. "गेंडा पाहून मग दिसायचं बंद झालं तरी चालेल," असं ती म्हणाली. दुदूमावशीला गलबलून आलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, बोट दुमडलं आणि त्याचं पेर माझ्यावर, ओदाकेनीच्या जागी टेकवलं. झुलू लोक थडग्याकडे सरळ बोट दाखवत नाहीत, दुमडलेलं पेर दाखवतात. मावशीने गेंड्यालाही तोच मान दिला.

"इथे?" म्हातारीने त्याच जागी आपलं बोट ठेवलं. मावशी नुसती हसली.

तेव्हापासून तशी रीतच पडली. कुणी फार कळवळून विचारलं की मावशीचं पेर टेकायचं आणि पाठोपाठ पाहुण्यांची बोटं यायची. उन्हाने अंग भाजू नये म्हणून ते तेलकट मलम चोपडतात ना, त्याच बोटांनी. "इथे ना?" "हो, इथेच!" मला गुदगुल्या व्हायच्या. पांढऱ्या खुंटीचा मान चोरून का होईना परत मिळाला, म्हणून मी खूश होतो. खोटं कशाला बोलू? मावशी रोज फडकं फिरवायची, पण तेल लाकडात मुरत गेलं. सहा वर्षं मुरलं.

"दुदू, कुणाला सांगत नाहीस ना?" जाबूलानी अधूनमधून विचारायचा.

"एक शब्द बोलले असेन तर जीभ झडो माझी!"

तिने शब्द खरोखरच काढला नव्हता.

एका दुपारी भाड्याच्या गाडीतून एक माणूस आला. त्याने थंड पेय घेतलं, मावशीला गोड हसून नमस्कार केला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्याने काहीच विचारलं नाही. बोटही लावलं नाही. बाजूला सरून, मान कलती करून त्याने तिरप्या उजेडात मला न्याहाळलं. ओदाकेनीवर एक काळा डाग चकाकत होता. त्या जागी एकही खुंटी नव्हती. त्याने फोटो काढला आणि गेला.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर!

तिसऱ्या दिवशी सकाळी न्यांबोसे पाणवठ्यावर सापडली. शिंगासकट तिचं तोंड कापून नेलं होतं. पिल्लू आईला ढुशा देत होतं, ते बाजूला होईना. चार माणसांनी त्याला उचलून गाडीत घातलं. बाटलीतल्या दुधाला त्याने तोंड लावलं नाही. नवव्या दिवशी तेही गेलं.

त्यानंतर आठवड्याने जाबूलानी आला. पाहुणे जेवत होते.

"तो माणूस सापडला," तो म्हणाला. "त्याच्या फोनमध्ये रानाचा एकच फोटो होता. सिंहाचा नाही, हत्तीचा नाही. आपल्या फळ्याचा."

तो बाजूला सरला आणि मान कलती करून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बोट दुमडून पेर त्या डागावर टेकवलं. ते नेमकं बसलं.

"मी बोलले नाही रे, न्यांबोसे," मावशी म्हणाली. हे मानाचं नाव तिने त्याला लावलं होतं, गेंडिणीला नाही.

"मला त्या नावाने हाक मारू नकोस," जाबूलानी म्हणाला आणि निघून गेला.

मावशीने साबण आणला, वाळू आणली, राख आणली. हात सोलवटेपर्यंत मला घासलं. नकाशातली नदी पुसली गेली, रस्ते पुसले गेले, डाग तेवढा राहिला. मग तिनेच मला भिंतीवरून उतरवलं आणि ओढत इथे आणून उलटं ठेवलं. जाबूलानीने साधं आंबट दूधसुद्धा तिच्या हातचं पुन्हा घेतलं नाही. ती रोज सरपण न्यायला येते. आता कुणाची टिंगल करत नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं तुम्हाला आजवर पुष्कळ वस्तूंनी सांगितलं असेल. माझी निगा राखू नका. मला चुलीत घाला. फक्त एवढं करा. रानात कधी गेलात आणि गेंडा दिसला, तर डोळे भरून पाहा आणि गप्प घरी जा. कुणी कितीही कळवळून विचारलं, कुठे दिसला, तर माहीत नाही म्हणा. बोट दाखवू नका, मान हलवू नका, हसूही नका. मला तर तोंडही नव्हतं, तरी मी सांगितलं.