सोर्ड प्लांट आणि सलूनवाल्याची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी पाणवनस्पती आहे आणि आज मी चिडलेली आहे. बाहेरच्या खोलीतल्या फिशटँकमध्ये मधोमध रुंद हिरव्या पानांचं जे झुडूप दिसतं ना, ती मी. माझी पानं तलवारीच्या पात्यासारखी, म्हणून मला सोर्ड प्लांट म्हणतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! नावात तलवार असूनही माझं निम्मं आयुष्य एका कात्रीपुढे हात टेकण्यात गेलं.

माझा जन्म रोपवाटिकेतल्या एका उथळ हौदात झाला. एकाच आईची आम्ही भावंडं तिथे दाटीवाटीनं वाढलो. पुढे मला ओल्या कागदात गुंडाळून दुकानात नेलं आणि तिथून मी या घरी आले. घरचे मालक सलून चालवतात. त्यांनी मला वाळूत नीट रोवलं, मुळाशी खताची गोळी सरकवली. माणूस मायाळू आहे, हे आधीच सांगून टाकते. पण दिवसभर केस कापून त्यांच्या हाताला अशी खोड लागली आहे की, रेषेबाहेर गेलेलं काहीही त्यांना बघवत नाही. पडद्याचा सुटलेला दोरा, पायपुसण्याची झालर, शेजारणीची खिडकीत डोकावणारी वेल, सगळ्यांना कात्री लागलीच. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या लेकीचा नंबर. तिला सगळे मिरची म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. तिला माझ्यासमोरच स्टुलावर बसवून ते केस कानापर्यंत आणत.

"बाबा, मला वेणी घालायचीये!" ती दर वेळी रडायची.

"आटोपशीर बरं दिसतं गं," म्हणत ते कापायचे.

आता माझं दुःख ऐका. माझ्या बुंध्यातून एक लांब दांडी निघते आणि पाण्याच्या वर जाते. तिच्या पेरापेरावर इवली रोपं धरतात. ती माझी पिल्लं. त्यांना पुरेशी पानं आणि मुळं फुटेपर्यंत दांडी माझ्यापाशीच राहायला हवी, कारण तोवर त्यांना खाऊ घालते ती मीच. पहिली दांडी निघाली तेव्हा आनंद माझ्या पोटात मावेना. ती पाण्याबाहेर डोकावली, मालक म्हणाले, "हे काय भलतंच वाढलंय?" आणि कचकन कापली. दुसरीचंही तेच. तिसरीवर तर पिल्लं धरली होती, ती कचऱ्याच्या बादलीत गेली. वर मालक दोन पावलं मागे सरले, गिऱ्हाईक न्याहाळावं तसं मला न्याहाळलं आणि म्हणाले, "आता कसं झोकदार दिसतंय!" मला तोंड असतं ना, तर ऐकवलं असतं. त्याच सुमारास गप्पी माशांना पिल्लं झाली, तर घरभर कौतुक. आणि या गप्पी स्वतःचीच पिल्लं खातात!

यंदा मी थकले. बाहेरची पानं पिवळी पडली. तरी एक दांडी निघाली. ही शेवटची, हे मला ठाऊक होतं. मालकांनी कात्री उचलली. संपलं, म्हटलं. तेवढ्यात काचेला नाक लावून बसलेली मिरची ओरडली.

"बाबा, थांबा! दांडीवर बाळं आहेत!"

"कसली बाळं? केस वाढतात तसं वाढलंय ते."

"तुम्ही बघतच नाही! माझंपण असंच करता. वाढलं की कापलं!"

मालकांनी कात्री खुंटीला अडकवली.

मिरचीनं दांडी पाण्यात वाकवून तिच्यावर गुळगुळीत दगड ठेवला. पिल्लं झरझर वाढली. सुखाचे दिवस आले म्हणता? छे! आता मालकांनी कापायचंच सोडलं. पिल्लांची मुळं बोटभर झाली, वाळू शोधत लोंबकळू लागली. त्यांना वेगळं करून रोवायची वेळ झाली होती, आणि त्यांना पोसायला माझ्या अंगात काही उरलं नव्हतं. पण मालक कात्रीला हात लावीनात. "नको रे बाबा, परत चूक नको." नको तेव्हा कचकन आणि हवं तेव्हा हाताची घडी! माझा नुसता जळफळाट झाला.

शेवटी मिरचीनंच हटकलं. "बाबा, दांडी काळी पडतेय. आता कापायला हवं."

"नक्की?"

"तुम्हीच बघा ना."

मग मालक पहिल्यांदा माझ्याजवळ स्टूल ओढून बसले. चहा गार झाला तरी बघत राहिले. पेर कुठे, मूळ कुठे, हे समजून त्यांनी एकेक पिल्लू अलगद सोडवलं. दोन पिल्लं मात्र त्यांनी गळ्यापर्यंत वाळूत गाडली. पानं जिथून फुटतात तो कोंब वाळूच्या वर राहू द्या, म्हणून मी आतल्या आत ओरडत होते, पण ऐकतो कोण? ती कुजली. तीन जगली.

पुढच्या सुट्टीला मिरची स्टुलावर बसली. मालकांनी कंगवा फिरवला आणि ते थांबले.

"किती कापू?"

आजवर त्यांनी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं होतं, लेकीला कधीच नाही.

"काहीच नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, माझं कात्रीशी वैर नाही. तिच्याचमुळे माझी तीन पिल्लं आज वाळूत रुजली आहेत. पण ज्याची काळजी घेता, त्याच्याकडे आधी नीट बघा. कापलेलं परत चिकटत नाही.

परवा मिरची पिल्लांना बघायला टँकवर वाकली आणि तिची नवी, बोटभर वेणी पाण्यात बुडाली. मालक धावत आत गेले. माझी पानं शहारली. ते टॉवेल घेऊन बाहेर आले.